होडीच्या फळ्यांचं कपाट

आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट बाबांनी जुन्या होडीच्या फळ्यांचं केलं होतं. बाबा होड्या बांधणारे सुतार. कुणाची तरी होडी मोडीत निघाली तेव्हा मालकाने त्यांना चांगल्या राहिलेल्या फळ्या दिल्या आणि आईच्या डब्यांना जागा झाली. आमच्याकडे होड्या काथ्याने शिवत. त्यामुळे कपाटाच्या दारांना काठाकाठाने भोकांची रांग होती. बाबांनी ती लाकडी खुंट्या ठोकून बुजवली होती, तरी कुणालाही बघताक्षणी कळायचं की ही होडी आहे.

सगळ्यात आधी कळायचं ते काकीला. काका-काकी मुंबईला असत आणि दर गणेश चतुर्थीला घरी येत. काकी मनाने वाईट नव्हती, पण तिची जीभ गप्प बसत नसे. आई लोणच्याची बरणी काढायला वाकली की मागून काकी म्हणायची, "वल्ही खंय ठेवलंस गो?" नाहीतर, "तुमका पुराची भीती नाय हां. पाणी इला की जेवण आपसूक तरंगतला."

सगळे हसत. आईही हसायची. पण ते लोक परत गेले की दोन-तीन दिवस ती कपाटावर जुनी चादर टाकून ठेवायची. हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्या सुमारास मी बी.ए. झाले आणि मसुऱ्याच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. श्रावणात सुट्टीला घरी येताना मी तेलरंगाचा डबा, ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन आले. रंग आईने आधीच सांगून ठेवला होता. "निळो नको गो बाय, निळो होडयेक मारतत. पोपटी आण." तिला एक चतुर्थी तरी ते कपाट कपाटासारखं दिसायला हवं होतं. बाकी तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

डब्यावरच्या सूचना मी दोनदा वाचल्या. पृष्ठभाग घासून घ्यावा, कोरडा करावा, आठ तासांत रंग सुकेल. त्याप्रमाणे सगळं केलं. बाबा पडवीत बसून पाहत होते. मध्ये एकदा ते उठून आले, दाराच्या काठावर बोट घासलं, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा जाऊन बसले. मी त्यांना काही विचारलं नाही. होड्या त्यांच्या, कपाट रंगवणं मात्र डब्यावर लिहिलेलं काम आहे, असं मला वाटत होतं.

आठ तासांत रंग सुकला नाही. दुसऱ्या दिवशीही सुकला नाही. पावसाळी हवा आहे म्हणून मी घमेल्यात निखारे आणून जवळ ठेवले. तिसऱ्या दिवशी धीर करून कप्प्यात वर्तमानपत्र पसरलं, तर ते चिकटून बसलं आणि ओढल्यावर बातम्या उलट्या होऊन पोपटी रंगावर उमटल्या. पाचव्या दिवशी दारावर पालीच्या पावलांचे ठसे खालपासून वरपर्यंत स्पष्ट दिसत होते. आईचे डबे, बरण्या सगळं माजघरात जमिनीवर मांडलेलं, आणि काकी यायला चार दिवस उरलेले.

आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ऱ्हवांदे गो. आवंदा आदीच चादर घालूया." मग ती खरंच चादर शोधायला गेली. त्या क्षणी मला माझ्या पदवीची लाज वाटली.

मी पडवीत बाबांजवळ जाऊन बसले. "बाबा, हा रंग सुकत का नाही?"

"कसो सुकतलो?" बाबा लगेच म्हणाले, जणू पाच दिवस याच प्रश्नाची वाट पाहत होते. "होडयेक कीड लागा नये म्हणान वर्साक वर्स काजीच्या टरफलांचा तेल पाजतत. ता लाकूड तेलान भरलला आसा. आदी चपडो मारूक होयो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू बी.ए. झालंस. माका वाटला, आता तेलार बसणारो रंग गावत आसतलो. चौथी शिकललो माणूस मी, मधीच काय सांगूचा तुका?"

मला एकदम आठवलं, कॉलेजात पोचवायला आले तेव्हा बाबा फाटकाच्या आत आले नव्हते. मी दोन-तीनदा बोलावलं, तर म्हणाले, "जा तू, माका हयसरच बरा." माझी ट्रंक त्यांनी फाटकाच्या आत नुसती सरकवली होती. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

"बाबा, आता सांगा. पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

त्यांनी आधी घरातली फुटकी बाटली शोधून आणली. तिच्या जाड काचेने रंग तासायचा. मी जोर लावू लागले तर काच लाकडात रुतायला लागली. बाबांनी माझं मनगट धरून थोडं आडवं केलं. "माशाची खवलां काढतंस तशी काढ. जोर नको." मग काम सोपं झालं. दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून तासत होतो. इतका वेळ मी बाबांच्या इतक्या जवळ लहानपणानंतर बसले नव्हते. लाकूड कुठलं, किती वर्षांचं, ते बोटाने सांगत होते. मी त्यांच्या वर्गात बसल्यासारखी ऐकत होते.

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ तांबूस पापड्या; त्यांचा थर लाकडातलं तेल वर येऊ देत नाही. त्या स्पिरिटात विरघळवून ते मिश्रण फडक्याने लाकडावर फिरवलं. एक दार होईपर्यंत दुसरं सुकलेलं असे. दोन हात झाल्यावर बाबांनी माझ्या हातात ब्रश दिला. "आता तुजो डबो काय सांगता तसा कर." उरलेला रंग फक्त समोरच्या बाजूला पुरला, पण या वेळी तो सुकला. कडेच्या फळ्या नुसत्या चपड्यावर राहिल्या, खुंट्यांसकट.

काकी आली ती हात-पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. "अगो बाय! कपाट कधी घेतलंस?"

"घेवक कित्याक होया? जुनाच ता," आई म्हणाली.

काकी कडेला वाकली आणि तिला खुंट्या दिसल्याच. "ह्या बाजूक होडी आसाच हां!"

आई मोदकाची उकड मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आसा तर. माज्या घोवान केलला कपाट ता, आणि चेडवान रंगवला. तुमच्या म्हमयत तसा कोणाकडे आसा?"

काकीने दारावरून हात फिरवत बाबांना हाक मारली. "भावजी, रंग बरो बसलो हा. आमच्या खोलयेतली मांडणी अशी करूक जमात?"

"माका काय इचारतास?" बाबा पडवीतून म्हणाले. "तिका इचारा. बी.ए. झालला आसा ता."

"काकी, चपडा आधी लागतो. त्याचं बाबांनाच विचार," मी म्हटलं.

"दोगांय गप ऱ्हवा," आई म्हणाली. तिचे हात पिठाने भरले होते. तिने कोपराने कपाटाचं किलकिलं दार ढकलून उघडलं आणि ते सताड उघडंच ठेवून काकीला सांगितलं, "ताटां काढ गो वैनी, पानां वाढूया."