आरशातला श्रीरंग

देवासची टेकडी मागे पडली तरी श्रीरंग माझ्या मागेच होता. माझ्या सायकलच्या हँडलला उजव्या बाजूला एक गोल आरसा आहे, त्यात तो सारखा दिसायचा. मी थांबलो की थांबायचा, मी निघालो की निघायचा. "अरे, पुढे हो की!" मी म्हणालो, तर म्हणे, "नको काका, तुम्ही पुढेच बरे."

बरे? कुणासाठी बरे?

माझा स्वभाव आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. माझी सगळी नोकरी साताऱ्याकडे जकात नाक्यावर गेली. जो ट्रकवाला न सांगता ताडपत्री उघडून दाखवायचा, नेमका त्याच्याच गाडीत काहीतरी निघायचं. तेव्हापासून फार नम्र माणूस दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. श्रीरंग तर जरुरीपेक्षा फारच नम्र होता.

आमची एकुलती एक केतकी इंदूरला नोकरीला आहे. तिने या देवासच्या मुलाशी लग्न ठरवलंय. मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, घराणं मराठी. पूर्वज दरबारात कारकून म्हणून माळव्यात आले ते इथलेच होऊन गेले. मुलगा मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. बायकोने फोटो पाहूनच होकार दिला. राहिलो मी. मी म्हटलं, सोफ्यावर बसून चहा पिताना कुणीही सज्जन दिसतो. मला सायकलवर हिंडायचा नाद आहेच, तर हा मुलगा आणि मी देवासहून नर्मदेपर्यंत सायकलने जाऊ आणि मग मी काय ते केतकीला सांगीन. श्रीरंग लगेच हो म्हणाला. तेच मला खटकलं.

निघायच्या दिवशी पहाटेच तो टेकडीवर देवीला जाऊन आला. येताना सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि मागच्या पिशवीत नीट बांधलं.

"काय आहे रे?"

"आत्यासाठी आहे, काका. पोहे गार होतील, चला."

पोहे झकास होते. वर बारीक शेव, बडीशेपेचा वास आणि सोबत गरम जिलबी. पण माझं लक्ष पिशवीत. तो हात धुवायला गेला तेव्हा मी ते गाठोडं हळूच हलवून पाहिलं. आत काहीतरी डुचमळलं. घ्या! देवीच्या नावाखाली बाटली!

इंदूरची गर्दी टाळून आम्ही आडवाटेने पीथमपूरकडे निघालो. दोन्हीकडे गव्हाची हिरवीगार शेतं होती आणि थंडीचं कोवळं ऊन पाठीवर छान लागत होतं. पीथमपूर जवळ आलं तशी मात्र धूळ आणि शिफ्टच्या बसगाड्या सुरू झाल्या. या बसगाड्यांना सायकल नावाची गोष्ट दिसतच नाही. एका टपरीवर चहाला थांबलो तर टपरीवाला श्रीरंगला म्हणतो, "अरे भिया (भाऊ), ये ही हैं क्या?" आणि मला टाचेपासून टोपीपर्यंत न्याहाळतो.

"ये ही म्हणजे काय?" मी विचारलं.

"काही नाही काका. मी बोललो होतो, की माझ्यासोबत एक पाहुणे येणार आहेत."

टपरीवाल्याला आगाऊ वर्दी? कशासाठी? मी चहा अर्धाच टाकून उठलो.

धारला पोचेपर्यंत मांड्या भरून आल्या होत्या. हे राजा भोजाचं गाव. लाल दगडाचा किल्ला उतरत्या उन्हात फार देखणा दिसतो. जवळच एक जुना लोखंडी स्तंभ तुकडे होऊन पडलाय. एवढा अवजड लोखंडाचा खांब घडवला कुणी आणि मोडला कुणी, हे श्रीरंग मला समजावून सांगत होता, आणि हा इतकं गोड का बोलतोय, याचा मी विचार करत होतो. जेवायला दाल-बाफले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडून, मग भाजून तुपात बुडवलेले. मी ताव मारला, खोटं कशाला बोलू.

जेवण झाल्यावर तो लॉजच्या गच्चीत फोनवर बोलत होता. जिन्याशी मी उभा होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. "अभी तक उनको कुछ मालूम नहीं पड़ा, भिया. नदी पे ला रिया हूँ. वहाँ आप लोग देख लेना. नहीं जमा तो बात वहीं ख़तम."

 मी तसाच खोलीत गेलो आणि केतकीला फोन लावला. "हा मुलगा काहीतरी लपवतोय. माझा नकार समज."

"बाबा, तुम्ही त्याला विचारलंत?"

"नाक्यावर विचारून कुणी कबूल करत नाही, पोरी."

 ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी 'जेवलात का' विचारल्याशिवाय ती फोन ठेवत नाही. मला वाईट वाटलं, पण मी स्वतःला म्हटलं, आज रडली तर रडू दे, जन्मभर तरी रडणार नाही. मी तिथूनच परतलो असतो, पण या पठ्ठ्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

धारहून मनावर गावाकडे जाताना विंध्याचा उतार लागतो. खाली निमाडचं विस्तीर्ण खोरं पसरलेलं, सागाची झाडं, दूर धुक्यात नदीची रेघ. सुंदर जागा. आणि अशाच ठिकाणी माणसाला ढकलून देणं सोपं.

"आज तू पुढे," मी म्हणालो.

"काका, उतारावर नको. मी मागेच..."

"पुढे म्हटलं ना!"

तो गेला. मी सुटकेचा श्वास टाकून ब्रेक धरत उतरू लागलो. एका वळणावर मागून ट्रकचा भोंगा वाजला, इतका जवळ की कानठळ्या बसल्या. मी सायकल डावीकडे दाबली, चाक खडीत गेलं आणि मी आडवा. गुडघा सोलला, आरशाचे तुकडे झाले. ट्रक निघून गेला.

श्रीरंग सायकल टाकून चढ धावत वर आला. चेहरा पांढराफटक. माझे हातपाय चाचपून पाहिले आणि मग एकदम ओरडलाच, "मी मागे असतो तर ट्रक बाहेरून गेला असता! दोन सायकली दिसल्या की ते जागा सोडतात. म्हणून तर मी मागे राहतो! ऐकायचं नाही म्हणजे नाही!" त्याचे डोळे भरले होते.

देवासपासून पहिल्यांदा तो माझ्यावर आवाज चढवून बोलला. आणि काय सांगू, मला बरं वाटलं. ताडपत्री एकदाची फाटली होती आणि आत माल चांगला होता. पण गच्चीवरचं बोलणं डोक्यातून जाईना.

मनावरला मुक्काम केला. तिथे दाल-पानिये खाल्ले. मक्याच्या पिठाच्या जाड, लहान भाकऱ्या पानांत गुंडाळून शेणीच्या आरावर भाजतात, त्या पानिये. दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा ओढत निसरपूर गाठलं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलंय. नव्या वस्तीत आखलेले प्लॉट, सरळ रस्ते आणि अजून पुरती सावली न धरलेली झाडं. आईमागे श्रीरंगला जिने वाढवलं ती त्याची आत्या इथे राहते. तिचे यजमान जुन्या गावात नदीकाठच्या देवळाचे पुजारी होते.

आत्या नऊवारीत, ताठ. मला म्हणाल्या, "यावे. पाय धुवावेत. बसणे मात्र नंतर. आधी नदीवर जाऊ." सोबत त्यांचा मुलगाही निघाला. श्रीरंगने त्याला 'भिया' म्हणून हाक मारताच मी ओळखलं, फोनवरचा 'भिया' हाच.

काठावर पाणी समुद्रासारखं पसरलं होतं. मधूनच वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. "तो शेंडा आमच्या आळीतल्या चिंचेचा," आत्या म्हणाल्या. "खाली देऊळ, घाटाच्या पायऱ्या, सगळं आहे. आमच्या घरात सोयरीक ठरवायची ती त्या पायरीवर. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी रेवामायचं (नर्मदेचं) पाणी ओंजळीत घ्यायचं, मनातला किंतु उघड बोलायचा आणि मग पाणी सोडायचं. पाणी हातात असता खोटं बोलत नाहीत. आता पायरी नाही, काठ आहे."

श्रीरंगने पिशवीतून गाठोडं काढून सोडलं. आतून निघाला नारळ! देवीचा, सोयरिकीनंतर नदीला वाहायचा. आयुष्यभर नारळ हलवून विकत घेतले आणि देवासला पोह्यांसमोर मला तो आवाज ओळखू आला नाही!

आत्यांनी ओंजळ भरली. "मी आधी बोलते. मुलाला घरी न पाहता जो रस्त्यावर नेऊन पारखतो, तो माणूस संशयी. अशा घरची मुलगी आमच्या मुलाला सुखाने जगू देईल का, हा माझा किंतु. म्हणून मीच याला सांगितलं, तू मागे राहून त्यांना पाहा आणि इथे आण. आम्ही पाहू. नाही जमलं तर विषय संपला." त्यांनी पाणी सोडलं.

म्हणजे परीक्षा मी घेत होतो, असं मला वाटत होतं! आणि मी कसा दिसलो असेन ते मलाच दिसलं.

त्यांनी तांब्यातून माझी ओंजळ भरली. 'काही किंतु नाही' म्हणून मोकळा झालो असतो. कुणाला कळणार होतं? श्रीरंग माझ्याकडे बघत होता. पाणी बोटांमधून ठिबकत होतं.

"धारहून मी मुलीला नकार कळवला," मी म्हणालो. "याचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकलं आणि याला न विचारताच कळवला."

श्रीरंगची मान खाली गेली. त्याचा आत्तेभाऊ काही बोलणार होता, आत्यांनी हाताने थांबवलं. "आणि आज?"

मी हातांकडे पाहिलं. बोलता बोलता ओंजळ रिकामी झाली होती.

"आत्याबाई, पाणी गळून गेलं. पुन्हा द्याल का?"

 त्यांनी तांब्या नदीत बुडवला आणि माझी ओंजळ पुन्हा काठोकाठ भरली. "माझी केतकी याला द्यायची आहे," मी म्हणालो आणि पाणी सोडलं. डोळ्यांतून आलं ते वेगळं. आत्या म्हणाल्या, "नारळ नंतर. आधी मुलीला कळवा. तिच्या जिवाला घोर असेल."

मी फोन लावला. "केतकी, माझा नकार मी मागे घेतला गं. चुकलं माझं."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आणि, "बाबा, जेवलात का?"

परतीला कुक्षीच्या बाजारात सायकलचं दुकान दिसलं. श्रीरंग म्हणाला, "काका, आरसा बसवून घेऊ या का?"

"कशाला?" मी म्हणालो. "तू आहेस ना मागे."

मग विंध्याचा तो चढ आम्ही चढलो. मी पुढे, तो मागे. वर पोचेपर्यंत मी एकदाही मान वळवली नाही.