डोळे शेवटी

पेणच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गणपतींच्या एका कारखान्यासाठी मी कोड लिहून केलेलं सादरीकरण तयार होतं. माझ्या यादीतल्या सगळ्या कामांवर टिक होती. तासाभरात परदेशी व्यापारी येणार होता. मूर्ती रंगवणारी, जवळच्या जोहे गावची एक बाई सादरीकरणाला आवाज देऊन तिथेच बसली होती. मी सादरीकरण सुरू केलं आणि हादरलोच! माती, रंग, डोळे, सगळी चित्रं एकदम उमटली. कोडची प्रत्येक ओळ तपासली, चूक सापडेना.

नखातला सुकलेला रंग खरवडत ती म्हणाली, "दादा, सगल्यांना एकाच टायमाला बोलावलंत काय? ओल्या मातीवर रंग नाय बसत. आन् डोले तं शेवटी!"

'एकामागून एक' या टॅगऐवजी मी 'एकत्र'चा टॅग लिहिला होता. इंग्रजी अक्षरही न येणाऱ्या बाईनं तो पकडला! मी थक्क झालो.

व्यापाऱ्यासमोर मूर्तीचे डोळे शेवटीच उघडले. ती तेव्हा एसटीने निघून गेली होती. तिचं नाव विचारणं माझ्या यादीतच नव्हतं.