पायरीवरून सांगितलेला आकडा

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी पत्नी रुग्णालयात वारली. मी तिथेच होतो.

त्यानंतर नवव्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. दान द्यायला तांब्या, ताम्हण आणि पंचपात्री घ्यायची होती. छत्री आणि चपला आधीच घेऊन झाल्या होत्या. नेरूळ स्टेशनजवळचं हे दुकान तिच्या माहितीचं होतं, म्हणून तिथेच गेलो. दुकानात मात्र शिरलो नाही. मला सुतक होतं.

मी स्वतः सुतक मानत नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली आणि वाचलेल्या पुस्तकांनी असल्या गोष्टींवरचा विश्वास हळूहळू काढून घेतला. ती मानायची. माझे वडील गेले तेव्हा तिने मला दहा दिवस शेजारच्या घरातल्या वर्तमानपत्रालासुद्धा हात लावू दिला नव्हता. तिच्यासाठी एवढं पाळायचं असं मी ठरवलं होतं. त्यामुळे परक्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, दुकानाच्या यंत्राला तर नाहीच.

माझ्याबरोबर आमचे तळमजल्यावरचे शेजारी आले होते. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे एकेकाळी त्यांच्या वडिलांची भातशेती होती. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला सर म्हणतात. भांडी त्यांनीच निवडली, वाजवून पाहिली, दोन ताम्हणं परत केली. मग माझं कार्ड घेऊन ते गल्ल्यापाशी गेले. गल्ल्यावरच्या माणसाने कार्ड यंत्रात घातलं आणि काहीतरी विचारलं. दादा तिथूनच माझ्याकडे वळले.

"सर, पिन काय?"

मी पायरीवरून चार आकडे सांगितले. दुकानात गर्दी होती, त्यामुळे दादांना ऐकू गेले नाहीत. मी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले. आठ, नऊ, एक, चार. ग्रंथालयात मराठी साहित्याच्या पुस्तकांचे क्रमांक याच आकड्यांनी सुरू होतात, म्हणून मी ते निवडले होते. मी ते कधी विसरलो नसतो.

खातं आम्हा दोघांचं होतं. पहिलं नाव तिचं, मोबाइल नंबरही तिचाच. त्यातले पैसे तिने निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेऊन साठवले होते. त्या पैशांचं काय करायचं हे तिने रुग्णालयातच सांगून ठेवलं होतं. दिघ्याहून येणाऱ्या एक मावशी आमच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाक करतात. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. मावशी भेटायला आल्या तेव्हा पत्नी म्हणाली होती, "हिची पहिल्या वर्षाची फी माझी. तू मध्ये बोलायचं नाहीस." नेहमी तिच्यापुढे तोंड चालवणाऱ्या मावशींनी त्या दिवशी फक्त मान हलवली.

तेरावं रविवारी झालं. सोमवारी फीचा ड्राफ्ट काढायला मी बँकेत गेलो. फी भरायची शेवटची तारीख गुरुवार होती. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर पाहून सांगितलं की खात्यात एकोणीसशे रुपये आहेत. मी म्हटलं, पुन्हा बघा. तिने पुन्हा पाहिलं आणि मला आतल्या अधिकारी बाईंकडे पाठवलं.

"काका, शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस एटीएममधून कॅश काढलीय," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तेही दुसऱ्या राज्यातून. तुम्ही बाहेरगावी होतात?"

"नाही. कार्ड माझ्या खिशात आहे."

"मग एसएमएस आले असतील ना प्रत्येक वेळी?"

"नंबर माझ्या मिसेसचा आहे."

"मग त्यांना विचारा ना, काका! तीन दिवस मेसेज येतायत आणि घरात कुणी—"

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. दहाव्याला केलेलं माझं मुंडण त्यांना दिसलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "सॉरी," म्हणाल्या, आणि मग स्वतः जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. त्या बाईंचा मला तेव्हाही राग आला नाही. तेरा दिवस सगळे माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. त्यांच्याइतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं.

पत्नीचा फोन कपाटात तिच्या साड्यांच्या खाली होता. मी तो बंद करून ठेवला होता. बाईंनी मेसेजची तारीख आणि वेळ हवी म्हणून सांगितल्यावर मी घरी जाऊन तो आणला आणि त्यांच्या टेबलापाशी बसून सुरू केला. बराच वेळ तो वाजत राहिला. गॅस सिलिंडर आल्याचा निरोप, एका विद्यार्थिनीचा "बाई, उद्या क्लास आहे का?", आणि मधून मधून बँकेचे मेसेज. सहा वेळा पैसे निघाले होते.

बाईंनी मला समजावून सांगितलं. कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती कुणीतरी दुसऱ्या छोट्या यंत्रातून ओढून घेतली होती आणि तसंच दुसरं कार्ड बनवलं होतं. "कार्डाची कॉपी करता येते, काका. पिनची येत नाही. पिन त्यांना कुठून तरी मिळालाय."

मला पायरी आठवली.

तेवढ्यात दादा आले. मी फोनवर त्यांना सांगितलं होतं, तर ते बनियनवर शर्ट चढवत, बटणं लावतच आत शिरले. बाईंनी तक्रारीचा अर्ज पुढे केला. त्यात एक प्रश्न होता: पिन कुणाला सांगितला होता का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

"नाय लिवा," दादा माझ्या कानाशी म्हणाले. "गलती माजी हाय. मीच इचारलं वराडून. तुमी कनाला भोगायचं?"

बाईंना ते ऐकू गेलं असावं. त्या म्हणाल्या, "मी काही सांगू शकत नाही. पण 'हो' लिहिलंत तर पैसे परत मिळणं अवघड होईल, एवढं माहीत असू द्या. घाई नाही. विचार करा."

मी विचार केला. 'नाही' लिहिलं असतं तर मावशींच्या मुलीची फी मिळण्याची शक्यता वाढली असती. पण पत्नी असती तर तिने अर्ज माझ्या हातून ओढून घेतला असता. तिच्या पैशांसाठी तिलाच आवडणार नाही असं काही लिहायला हात पुढे होईना. मी 'हो'वर खूण केली आणि खालच्या जागेत सगळं लिहिलं. दुकान कुठलं, दिवस कुठला, गल्ल्यावरचा माणूस कसा दिसत होता, कार्ड किती वेळ त्याच्या हातात होतं, आणि सुतक असल्यामुळे मी पायरीवरून दोनदा पिन सांगितला. जागा पुरली नाही म्हणून पाठपोट लिहिलं. ग्रंथपालाला नोंद अर्धवट सोडता येत नाही.

बाईंनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "सुतक असं कारण मी पहिल्यांदाच बघतेय," आणि शिक्का मारला. मी इथेच होतो याला पुरावा लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

"पुरावा?" दादा म्हणाले. "म्याडम, चाळीस मानसं जेवली त्यांच्या घरी काल. बोलवू काय सगल्यांना?"

बाई हसल्या. तेरा दिवसांत माझ्यासमोर प्रथमच कुणीतरी हसलं होतं. मलाही हसू आलं.

माझी स्वतःची शिल्लक पत्नीच्या आजारपणात संपली होती, त्यामुळे घरी आल्यावर मावशींना सांगणं भाग होतं. त्या कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "राहू द्या, सर. पुढच्या वर्षी बघू. आपल्या बाई बोलल्या तेच लई झालं." कणीक मळून झाली होती, तरी त्या मळतच राहिल्या.

बुधवारी सकाळी दादा वर आले आणि त्यांनी फीची पावती माझ्या टेबलावर ठेवली. कॉलेजात जाऊन ते पैसे भरून आले होते. मी म्हटलं, हे तुमच्या चुकीची भरपाई म्हणून करत असाल तर मला चालणार नाही. चूक माझी आहे, आणि मी ती लिहून दिली आहे.

"गलतीचं काय नाय," ते म्हणाले. "जमिनीच्या कागदावर आमची घरवाली अंगठा लावायची. वहिनींनी तिला सही शिकवली. दुपारी बसवून, दोन महिने. तुमाला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला हे सांगितलं नव्हतं. मी दादांना खुर्ची दिली आणि आम्ही चहा घेतला.

बँकेने माझा अर्ज पोलिसांकडेही पाठवला होता. थंडी सरता सरता त्यांचा फोन आला. त्याच भागातल्या आणखी काही लोकांचे पैसे तसेच गेले होते. पण पिन कुणालाही सांगितला नाही असंच प्रत्येकाने लिहिल्यामुळे सगळ्यांना जोडणारं ठिकाण सापडत नव्हतं. माझ्या पाठपोट लिहिलेल्या अर्जावरून ते त्या गल्ल्यापर्यंत पोचले. छोटं यंत्र गल्ल्याखालच्या खणात होतं. दुकानाच्या मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बिचारा मला भेटायला आला आणि ताम्हणाचे पैसे परत देऊ लागला. मी घेतले नाहीत.

बँकेने पैसे परत केले. माझ्या चुकीबद्दल थोडी रक्कम कापली, आणि ते मला योग्य वाटलं. दादांचे पैसे मी दिले. अधिकारी बाईंना भेटून आभार मानले. त्यांनी मला पिन बदलायला लावला आणि तो बदलताना स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खात्यावरून पत्नीचं नाव काढायचा अर्जही त्यांनीच भरून दिला. मला फक्त सही करायची होती. ती करायला मला वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

आता खातं एका नावाचं आहे. मावशींची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. पुढची फी येत्या महिन्यात भरायची आहे, आणि ती मी भरणार आहे.