फोटोत आलेला हात

देवमन घाटोळ यांनी पहिल्यांदा एका लग्नाचे फोटो काढले तेव्हा छत्तीस फोटोंच्या दोन रोलमध्ये अख्खं लग्न बसवावं लागे. हार घालायचा क्षण एकदाच यायचा आणि देवमनभाऊंचा तो कधी चुकला नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा लहानसा स्टुडिओ. माणूस सडसडीत, आवाज मात्र मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा. कोणत्या घरात कोणते दोन काका एकमेकांशी बोलत नाहीत हे त्यांना न सांगता कळायचं, आणि ग्रुप फोटोत ते दोघं दोन टोकांना असे बेमालूम उभे राहायचे की घरच्यांनाही पत्ता लागत नसे. अशी तीस वर्षं गेली.

मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला. मंगलाष्टकं सुरू झाली की समोर पन्नास हात वर. नवरीच्या डोक्यावर अक्षता पडत असतानाच तिचा फोटो लोकांच्या स्टेटसवर. देवमनभाऊ स्टुलावर चढले, वाकले, गुडघ्यावर बसले, कधी गोडीनं तर कधी चिडून बोलले. लोक हसून बाजूला होत आणि पुढच्या क्षणी परत तिथंच.

बार्शीटाकळीच्या किसनरावांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न असंच होतं. अंतरपाट दूर झाला, प्रणालीनं हार उचलला, आणि नेमका तेव्हाच हिरव्या बांगड्यांनी भरलेला एक हात मोबाईल घेऊन कॅमेऱ्यासमोर आला.

"ओ मोबाईलवाल्या ताई, सरका न बाजूले!" देवमनभाऊ ओरडले.

"एकच मिनिट, भाऊ," ती बाई मागं न बघताच म्हणाली. हात काही हलला नाही.

व्हायचं ते झालं. कॅमेऱ्यानं नवरा-नवरी सोडून जवळच्या मोबाईलवर फोकस धरला. हाराच्या एकूण एक फोटोत मोबाईल लख्ख आणि प्रणाली धूसर.

आठवड्यानं देवमनभाऊ फोटो दाखवायला किसनरावांकडे गेले. बैठकीत चार पाहुणे बसलेले. किसनरावांनी सगळे फोटो पाहिले आणि मान वर केली.

"देवमनभाऊ, हाराचाच फोटो नाई? जावयाच्या दोस्ताच्या मोबाईलमधी याच्याहून साफ हाय. मंग तुमाले कावून बोलावलं व्हतं?"

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. देवमनभाऊंना सांगता आलं असतं की हात मध्ये आला, की तो तुमच्याच घरचा होता. पण ते एवढंच म्हणाले, "चुकलंच मायं." आणि चहा न घेता उठले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, शकुनला, सगळं सांगितलं. "बस झालं आता. उद्यापासून दादाच्या वाडीत जातो भाजी पिकवाले. कोथिंबिरीसमोर तं कोनी मोबाईल आडवा धरत नाई."

 इतकी वर्षं अल्बमची पानं शकुनताईच लावत आल्या होत्या. कोणता फोटो कुठं शोभेल हे देवमनभाऊही त्यांनाच विचारत. दुसऱ्या दिवशी दुपारी देवमनभाऊ कॉम्प्युटरवर तो हात पुसून टाकायच्या खटपटीत होते, तेव्हा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"अवो, थांबा. मिटवू नका. त्या मोबाईलमधी काय हाय ते मोठं करा जरासं."

देवमनभाऊंनी फोटो मोठा केला. मोबाईलचा पडदा त्यांच्याच बाजूला होता. त्यावर व्हिडिओ कॉल सुरू होता आणि एक म्हातारा दिसत होता. पलंगावर उशीला टेकून बसलेला, डोक्यावर पांढरी टोपी, ती एका कानावर कललेली. उजवा हात वर होता, मूठ नुकतीच उघडली होती आणि हातातून सुटलेले तांदूळ हवेत होते. म्हातारा मोबाईलवर अक्षता टाकत होता. त्याच्या पलीकडे, धूसर, प्रणाली हार घेऊन उभी होती.



"हा कोन हाय?" शकुनताईंनी विचारलं.

"मले काय माईत?"

"मंग जाऊन इचारा न."

काल ज्या बैठकीत मान खाली घातली, तिथं पुन्हा जायचं देवमनभाऊंच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी त्या फोटोचा मोठा प्रिंट काढला आणि सकाळच्या एसटीनं बार्शीटाकळी गाठली. दार प्रणालीच्या आईनं, साधनाताईंनी उघडलं. त्यांनी प्रिंट हातात घेतला आणि तिथंच उंबऱ्यात बसल्या.

"हे तं आमचे बाबा हायेत."

हळूहळू सगळं कळलं. साधनाताईंचे वडील चंद्रभानजी मोझरीला राहत. प्रणाली दहावीपर्यंत त्यांच्याच घरी शिकली. तिला सायकलवर शाळेत सोडणारेही तेच. लग्नाच्या महिनाभर आधी ते घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि येणं राहिलं. हिरव्या बांगड्यांचा हात साधनाताईंच्या बहिणीचा, बेबीताईंचा होता. म्हाताऱ्यानं तिला सांगून ठेवलं होतं, बाकी काही दाखवू नको, पण पोरीवर अक्षता मला टाकू दे. लग्नाच्या गडबडीत बेबीताईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

किसनराव आतून आले. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भाऊ, मी तुमाले चार लोकांत बोललो," ते म्हणाले. "आता चार लोकांतच सांगतो."

त्यांनी त्या प्रिंटचाच मोबाईलवर फोटो काढला आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हा फोटो देवमनभाऊ घाटोळांनी काढला, आणि मी त्यांना नाही नाही ते बोललो. देवमनभाऊंचा चहा संपेपर्यंत तो फोटो अमरावती, वाशिम, कुठं कुठं जाऊन पोचला होता. ज्या मोबाईलांवर ते इतकी वर्षं चरफडले, त्याच मोबाईलांवरून त्यांचं नाव चाललं होतं. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना समजेना. ते बशीकडे पाहत राहिले.

पुढच्या रविवारी ते फोटोला चौकट करून मोझरीला गेले. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. चंद्रभानजी पलंगावरच होते. त्यांनी चौकट लांब धरून पाहिली, मग जवळ घेऊन पाहिली.

"टोपी वाकडी हाय मायी. कोनी सांगतलं नाई?"

मग त्यांनी विचारलं, "तांदूळ पोचले का पोरीवर?"

"पोचले, आबाजी," देवमनभाऊ म्हणाले. "मी तिथंच होतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याचं समाधान झालं होतं.

वडिलांच्या सेवेला आलेल्या बेबीताई पाणी घेऊन आल्या तेव्हा देवमनभाऊ उठून उभे राहिले. "ताई, मी त्या दिवशी खेकसलो तुमच्यावर."

"खेकसले तं खेकसले," बेबीताई म्हणाल्या. "मी कुठं सरकली?"

दादाच्या वाडीत जायचं मग मागं पडलं. पण देवमनभाऊंची काम करायची रीत त्या दिवसापासून बदलली. कुठलंही लग्न ठरवायला माणसं आली की ते तारीख लिहून घेतात आणि एक प्रश्न विचारतात, "कोन येऊ नाई शकत?" कोणाची आजी अंथरुणाला खिळलेली असते, कोणाचा भाऊ सीमेवर असतो, कोणाची बहीण नुकतीच बाळंत झालेली असते. अशांसाठी ते स्टेजच्या उजव्या अंगाला, स्वतःच्या बाजूलाच, एक तिपाई लावतात. तिच्यावर मोबाईल बसवून देतात आणि पलीकडच्या माणसाला नीट दिसतंय ना हे स्वतः बोलून पाहतात. मग माईक घेऊन सांगतात, "मंडळी, पुढं फक्त हा मोबाईल राहील. यात आजीबाई बसल्या हायेत. बाकीच्यांनी हार घालेपर्यंत दम धरा. मंग मी सोता बाजूले होतो, तुमी पाहिजे तेवढे फोटो काढा."

सगळेच ऐकतात असं नाही. एखादा महाभाग टॅब घेऊन मध्ये येतोच. काही घरांनी अल्बम करणंही सोडलं आहे, आणि ती काही आता परत येणार नाहीत, हे देवमनभाऊंना ठाऊक आहे. पण पुष्कळ लोक हात खाली घेतात. एका माणसासाठी जागा सोडायची म्हटल्यावर माणसं जागा सोडतात, हे त्यांनी पाहिलं आहे.

अलीकडेच अमरावतीचं एक लग्न ठरवताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नवरीचे वडील म्हणाले, "सगळेच येऊन राहिले." पण संध्याकाळी नवरीच्या आईचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "भाऊ, एक मानूस सांगाचं राहिलं. मायी मोठी पोरगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तवापासून तिचं नाव निंगत नाई घरात."

देवमनभाऊंनी जास्त काही विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी तिपाई लावली, मोबाईल बसवला, मोठीला व्हिडिओ कॉल लावून दिला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नवरीचे वडील तिथून जात होते. त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते थांबले. देवमनभाऊंनी कॅमेरा खाली घेतला आणि तिथंच उभे राहिले. काही विचारलं तर उत्तर द्यायला आपण जवळ असलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

ते गृहस्थ काही क्षण पाठमोरे उभे राहिले. मग त्यांनी तिपाईसमोरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि देवमनभाऊंना विचारलं, "इथून तिले नीट दिसून राहिलं का?"