मिशीवाल्याचं तोंड

अबुधाबीत मी चार वेळा ड्रायव्हिंग टेस्टला नापास झाले, आणि चारही वेळा माझ्या मते दोष त्या मेल्या मिशीवाल्या परीक्षकाच्या तोंडाचा होता. नवरा लांब रुवैसच्या रिफायनरीत, शुक्रवारच्या सुट्टीसाठी थेट गुरुवारी संध्याकाळी उगवणार. मोबाइल तेव्हा फक्त साहेबलोकांकडे. आठ वर्षांच्या लेकीला दमा. तिला धाप लागली की कडेवर घेऊन, टॅक्सीला हात करत भर उन्हात उभं राहायचं. लायसन्स मला हौस म्हणून नको होतं!

टेस्टला आम्ही तिघीचौघी मागच्या सीटवर, एकेकीने पुढे जाऊन चालवायचं. आधीच्या गाडीतून उतरणारीला विचारायचं, "आज कोण? मिशीवाला?" ती हो म्हणाली की मी मनातल्या मनात नापास. जुळलेल्या भुवया, आवळलेले ओठ, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. आता ओरडेल, मग ओरडेल म्हणून मी रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसायची. एकदा लाल सिग्नल तोडला, एकदा फुटपाथवर चढवली. "खलास," एवढंच तो म्हणायचा, तेही हळू. त्याचा आवाज कधीच चढला नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

पाचव्या वेळी मी चावी फिरवायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, तुम हर बार इतना गुस्सा क्यों? मेरे को डर लगता है."

मागच्या बायका फिस्सकन हसल्या. मी गुस्सा? वा रे वा, चोराच्या उलट्या बोंबा! मनातल्या मनात इतकी तणतणले, की त्याच्याकडे बघायचंच राहून गेलं. समोरचा रस्ता बघितला आणि पास झाले.

गाडी घेतली त्या दिवशी लेकीसाठी मोठ्या ऐटीत पुढचं दार उघडलं. ती निमूटपणे मागे गेली, बरोबर माझ्या सीटच्या पाठीमागे.

"अगं, पुढे ये ना, एसी छान लागतो."

"नो आई, आय लाइक इट हिअर."

"पण का?"

"फ्रॉम हिअर आय कान्ट सी युअर फेस."

आरसा सरळ करायला हात वर केला. आरशात जुळलेल्या भुवया आणि आवळलेले ओठ. शप्पथ सांगते, तिच्यावर मी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.