तीट लावली की रडायची

तीट लावली की माझी पोरगी रडायची. लावताना न्हाई, लावल्यावर. दीड वर्साची, गालावर काळा ठिपका घेऊन हसतखेळत असायची आन् मदीच कुनी चिमटा काढावा तशी किंचाळायची, हात गालावर. म्या बगायची तर मुंगी न्हाई, डास न्हाई. तीट पुसली की खाली लाल झालेलं.

ती हिरवी लेझर घरात आल्यापासनंचं हे. आमचं रान वेल्ह्याच्या वरल्या अंगाला, डोंगराला लागून, भुईमुगात रानडुकरं शिरत्यात. त्यांना हुसकायला ह्यांनी मोबाईलवर बगून मागवली, बोटाएवढी जाड नळी. जाहिरातीत लिहिलेलं दोनशे पावरची, फुगा फोडती, समोरच्या डोंगरावर उजेड पाडती. नळीवर पिवळी चिठ्ठी, तिच्यावर मातर पाच. म्या सातवीपातूर शिकलेली, आकडा कळतो, पुढचं इंग्रजी न्हाई.

"दोनशे सांगून पाचाची दिली," हे म्हनले. "फसवलं लेकाच्यांनी."

तरी पोरीच्या वाढदिवसाचा राहिलेला फुगा आनला, पांढरा. त्यावर ठिपका धरून बसले, हात भरून आला, फुगा काय फुटंना. भिंतीला चुना, तिथं काय न्हाई. तळहातावर धरली. "गार हाय गं. खेळनं हाय हे." परत पाठवायची तर खोकं पायजे, आन् खोकं म्या सकाळीच चुलीत घातलेलं, आतल्या कागदासकट. कागदावर डोळ्याचं चित्र व्हतं, त्यावर फुली. जळताना बगितलं म्या ते.

मग ती पोरीचं खेळनंच झाली. संध्याकाळी म्या भाकरी थापायची, घरात धूर, आन् त्या धुरात हिरवी दोरी तानल्यावानी दिसायची, ह्यांच्या हातापासनं भिंतीपातूर, सरळ, आवाज न्हाई काय न्हाई. पोरगी ठिपक्यामागं दुडदुडायची. पोटावर आला की खिदळायची, हातावर आला की पकडायला बगायची. आन् मग ती किंकाळी.

तिसऱ्या दिशी माझ्या सासूबाई, आत्या म्हनते म्या त्यांना, चुलीम्होरं बसून म्हनल्या, "नजर लागलीया पोरीला."

"किती ओवाळलं आत्या, मीठ, मोहऱ्या, मिरच्या."

"मग नजर न्हवं, बाहेरचं हाय. समोरच्या डोंगरावर ठिपका फिरवत बसतोय माझा ल्योक. तिकडं कोन बसलंय ते ठावं हाय का तुमाला? घरची वाट दावलीत तुमी त्याला."

हे हसले. "आई, पाचाची हाय ती. खेळनं हाय. तिनं डुक्कर पन हलायचं न्हाई."

"मग डुकरं का येईनात दोन दिस झालं?"

ह्यांनी ठिपका परत भिंतीवर पाडला.

आत्यांनी तीट मोठी केली. गालावर चिंचोक्याएवढी, कपाळावर एक, तळपायाला एक, डोळ्यात काजळ भरलं. त्या संध्याकाळी पोरीनं पाय झटकला आन् तळपाय धरून रडली. मग कपाळ. जितं तीट तितंच. पोटावर न्हाई, हातावर न्हाई. जे कोन व्हतं त्याला तीट अडवत न्हवती, तीट त्याला जागा दावत व्हती.

दुसऱ्या दिशी दुपारची गोष्ट. आत्यांनी दिव्यावर ताटली उपडी घालून नवं काजळ धरलेलं, तुपात कालवून ताटली भिंतीला टेकवून ठिवलेली. पोरगी किरकिर करायला लागली म्हनून ह्यांनी ठिपका भिंतीवरनं ओढत आनला, ताटलीवर आला आन् थांबला. काजळातनं धूर निघाला. केसाएवढा, उभा. जळक्या तुपाचा वास.

"अवो, हलू नका!"

"काय झालं?"

"हलू नका म्हनते ना."

म्या काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा आनला, त्यावर धरायला लावली. बगता बगता भोक पडलं, कडा वळल्या. पांढऱ्या कागदावर धरली, काय न्हाई. पुन्यांदा काळ्यावर, भोक. पाचाची न्हवतीच ती. फुगा पांढरा व्हता, भिंत पांढरी व्हती, आमी तिला काळं काय दावलंच न्हवतं. दावलं ते पोरीच्या गालावर.

आन् तवा माझ्या ध्यानात आलं, डोळ्याची भावली पन काळीच की.

"अवो, पोरीनं कवा नळीत बगितलं का?"

ह्यांनी नळी खाली ठिवली.

"सांगा की वो!"

"एकदा. माझ्या हातातनं वढली व्हती तिनं. म्या लगीच बंद केली."

येष्टीनं नसरापूर, तितनं कापूरव्हळ, मग भोर. सगळ्या वाटंनं म्या तिचा एकेक डोळा झाकून बगत व्हते, ती माझा हात झिडकारत व्हती. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब घातले, भावल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळ्यात दुसरं काय उरलंच न्हाई. मग त्यांनी आपली बॅटरी तिच्या डोळ्यावर धरली, आन् म्या त्यांचा हातच धरला.

"किती पॉवरची होती?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठीवर पाच, जाहिरातीत दोनशे."

"चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, ताई. मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर डाग काही दिसत नाही. पण एवढ्या लेकराला काय दिसतं ते विचारता येत नाही. महिन्यानं आणा. मध्ये काही वेगळं वाटलं तर लगेच."

घरी आल्यावर नळीतले सेल काढले, नळी डब्यात, डबा फडताळावर. आत्यांनी काजळ धरायचं सोडलं, पोरीचं तोंड उघडंउघडं वाटायला लागलं. रोज सकाळी म्या तिचा एक डोळा झाकायची आन् म्होरं मुगाचा दाना ठिवायची. उचलायची. दुसरा झाकला तरी उचलायची. जरा जीव थाऱ्यावर आला.

मग एका संध्याकाळी चूल पेटवली, घरात धूर भरला, आन् पोरगी उठून भिंतीकडं पळाली. भिंतीवर हात मारला, मूठ उघडून बगितली, परत दुसरीकडं मारला. भिंतीवर काय न्हवतं. म्या डबा काढून बगितला. नळी आतच, सेल बाहेर.

"सवय हाय गं तिची," हे म्हनले.

म्या तिचा डावा डोळा झाकला. तरी ती भिंतीवर हात मारत राहिली. मग उजवा झाकला. हात थांबला. खिदळनं पन थांबलं. ती माझ्याकडं वळली, कुठं गेलं म्हनून विचारावं तशी.

ठिपका भिंतीवर न्हवता, तिच्या उजव्या डोळ्यात व्हता. महिना थांबले न्हाई म्या. सकाळची पहिली येष्टी धरली.