वरच्या खोलीतला खालचा सर्व्हर

“पडद्यावर सगळं हिरवं दिसलं की मला आधी भीती वाटते,” ती एकदा म्हणाली होती. तेव्हा सगळे हसले होते, तिचा धाकटा दीर सर्वांत मोठ्याने.

दीर तिच्याच ऑफिसात होता. तिनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. तो तिला ऑफिसातही वहिनी म्हणे, म्हणून हळूहळू साहेबांपासून वॉचमनपर्यंत ती सगळ्यांचीच वहिनी झाली.

तिचं काम वाटपाचं. कितीतरी रुग्णालयांचे जुने रिपोर्ट या ऑफिसातून शोधून मिळत. डॉक्टरने रोग्याचं नाव टाकलं की क्षणात रिपोर्ट समोर. एवढा साठा एका सर्व्हरमध्ये मावणारा नव्हता. त्याचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर ठेवलेले, आणि प्रत्येक तुकड्याची एक प्रत. कुठल्या तुकड्याने कुठे राहायचं याचा नियम वहिनीचा: मूळ खालच्या खोलीत असेल तर प्रत वरच्या, मूळ वर असेल तर प्रत खाली. एका खोलीची वीज गेली तरी दुसरीने डॉक्टरला उत्तर द्यावं. पण वाटप करणाऱ्या प्रोग्रॅमला खोल्या दिसत नाहीत. प्रत्येक सर्व्हरला कुणीतरी ‘वर’ किंवा ‘खाली’ असं लेबल दिलेलं असतं, त्यावर तो विश्वास ठेवतो.

वहिनी ठेवत नसे. तिचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी ती ताक फुंकून प्यायची. कुलूप लावून जिना उतरायची आणि पुन्हा चढून ते ओढून बघायची. घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे. शेजारीण गावाला गेली की हिची झोप उडायची. नवरा म्हणे, “ही माझी नाडी बघते आणि मग विचारते, जिवंत आहात ना?”

वरच्या खोलीत नवा स्विचबोर्ड बसायचा होता. त्यासाठी दुपारभर तिथली वीज बंद राहणार होती. त्या सकाळी वहिनी सवयीने आधी खालच्या खोलीत गेली. रॅकमध्ये एक जागा रिकामी होती, मागच्या भिंतीला ओल. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती वर गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक सर्व्हर गरम हवा सोडत बसला होता. जागेवर येऊन तिने कॉम्प्युटरवर त्याचं लेबल बघितलं: ‘खाली’.

दीर कॉरिडॉरमध्ये सापडला.

“भाऊजी, खालचा सर्व्हर वर कसा?”

“पाइप गळत होता, वहिनी. एका दुपारपुरता नेला. मग राहूनच गेलं.”

“आणि लेबल?”

“ते बदललं असतं तर तुकड्यांची पळापळ सुरू झाली असती. सर्च मंदावला असता, साहेब बोंबलले असते. परत खालीच आणायचा होता ना!”

म्हणजे कित्येक तुकड्यांचं मूळही वर आणि प्रतही वर. दुपारी वीज बंद झाली की ते रिपोर्ट कुठूनच मिळणार नव्हते. रोगी टेबलावर आडवा झालेला असणार आणि डॉक्टर अंदाजाने चालणार.

“साहेबांना सांगा.”

“आणखी एक चूक झाली तर घरी बसवतील मला. तुम्हीच गुपचूप करा ना काहीतरी.”

“गुपचूप कसं करू? तुकडे हलायला दुपार जाईल. वीज बंद करणं थांबवावंच लागेल. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते.”

“सांगतो.”

त्याच्या बुटांचा आवाज साहेबांच्या केबिनकडे जातो का, ते ती कान देऊन ऐकत राहिली. आवाज चहाच्या मशीनकडे गेला.

जेवणानंतर सगळे मोठ्या पडद्यासमोर जमले. साहेब खुशीत होते.

“वरची बंद, खालची चालू. दोन खोल्या कशाला ठेवल्यात मग? काय वहिनी, आज कुणावर संशय? घड्याळावर?”

हशा पिकला. इलेक्ट्रिशियन दारात उभा होता. “मेन पाडू का? मला अजून एका ठिकाणी जायचंय.”

वहिनीने दिराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“सगळं हिरवं आहे, साहेब,” दीर म्हणाला.

“थांबा,” ती इलेक्ट्रिशियनला म्हणाली आणि कीबोर्ड पुढे ओढला. तिने लेबल बदललं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय नवं लेबल लागू होत नाही, तेही केलं. पडदा पिवळा पडला. थोड्या वेळाने तुकडे एकामागून एक खालच्या खोलीकडे निघाले.

साहेबांची खुशी मावळली होती. “हे काय? हा सर्व्हर वर आहे? कुणी नेला?”

इलेक्ट्रिशियनने पक्कड खिशात टाकली.

“वहिनींना विचारूनच नेला होता,” दीर म्हणाला.

खुर्च्या तिच्याकडे वळल्या.

“खरं का हे, वहिनी?”

दीर टेबलाची कड नखाने खरवडत होता. तिने नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी तो कायमचा घरी, हो म्हटलं असतं तर ती. तिने एकदा पडद्याकडे बघितलं. तुकडे जात होते, अजून बरेच जायचे होते. ते पोचेपर्यंत आता मेनला कुणी हात लावणार नव्हतं.

तिने पर्स उचलली. इलेक्ट्रिशियन बाजूला झाला, आणि ती बाहेर पडली.